चौथा ठिपका

आमच्या घरात एक नियम होता. देवघरातली तलवार बाईने म्यानातून उपसायची नाही. मूठ पुसायची, म्यान पुसायचं, दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, बस. तलवार आली ती माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी. सासरे म्हणाले, पूर्वजाने लढाईत मिळवली, इतके दिवस गावी भाऊबंदांकडे होती, आता आपला वाटा म्हणून आणली. मुठीवर सोनेरी वेलबुट्टी, म्यानाला लाल मखमल. नियम सासूने सांगितला. मी पन्नास वर्षं पाळला आणि सुनेलाही लावला.

"उपसली तर काय होतं?" तिने एकदा विचारलं होतं.

"घराचं वाटोळं होतं," मी म्हणाले. मला तेवढंच सांगितलेलं होतं.

माझं माहेर सटाण्याजवळचं. तिथेही भिंतीवर एक तलवार होती. साधी, मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या. पात्यावर मुठीजवळ एका ओळीत सात पितळी ठिपके बसवलेले. शाळेत जायच्या आधी वडिलांनी मला आकडे त्या ठिपक्यांवर शिकवले. त्यातला चौथा धाकट्या भावाने खिळ्याने उकरून काढला आणि सोनं समजून सोनाराकडे नेला. सोनार हसला. वडिलांनी भावाला बडवलं.

माझ्या लग्नात वऱ्हाड कट्यार विसरून आलं. नवरदेवाच्या हातात शस्त्र तर हवं. वडिलांनी भिंतीवरची तलवार काढून दिली, तिच्या टोकाला लिंबू खोचलं आणि लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी. माझा नवरा म्हणाला, "निघताना मी तुझ्या भावाच्या हातात दिली." भाऊ म्हणाला, "मला कोणी दिली नाही." पण ठिपका विकायला गेलेल्या पोराचं कोण ऐकणार? तो चोर ठरला. मीही त्याला चोर म्हटलं. भाऊबीजेला जायचं सोडलं, ते कायमचंच.

वडील आजारी पडले तेव्हा म्हणाले, "त्या चोराला माझ्यापुढे आणू नका." माझा नवरा तेव्हा त्यांचे पाय चेपत होता. तो तसाच चेपत राहिला.

यंदा मुलाने आमच्या कुळाचा मेळावा भरवायचं ठरवलं. तलवार काचेच्या पेटीत ठेवायची, खाली माहितीची पाटी. पाटीवर जुनेपणाचं नक्की काहीतरी हवं म्हणून पंचवटीतून जुनी शस्त्रं ओळखणारा एक माणूस बोलावला. त्याने तलवार उपसली. मी स्वयंपाकघरात होते, तिथून ऐकत होते.

"मूठ आणि पातं एका वयाचं नाही," तो म्हणाला. "मुठीवरचं काम पन्नासेक वर्षांचं. आपल्या नाशकातलंच. पातं मात्र फार जुनं. कुठलं ते सांगता येणार नाही, शिक्का नाही. नुसते ठिपके आहेत."

मी बाहेर आले. "किती?"

"सात. नाही, सहा. एका जागी भोक आहे."

"कितवं?"

त्याने मुठीकडून मोजलं, मग टोकाकडून. "कुठूनही मोजा, चौथंच. तुम्ही पाहिलीय का आजी?"

"नाही. या घरात बाईने उपसायची नसते."

बोलले आणि नियम कशासाठी होता ते कळलं. या घरात ती तलवार ओळखणारी बाई एकच होती.

मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाबा गेले, आजोबा गेले. पाटी छापून झालीय. आता कशाला उकरतेस?"

"तुझ्या मामाने एक ठिपका उकरला तर जन्मभर चोर," मी म्हणाले. "तुझ्या बापाने आख्खी तलवार नेली, त्याला हार."

तो उठून गेला. सुनेने गाडी काढली. तलवार गोधडीत गुंडाळून आम्ही सटाण्याकडे निघालो.

भाऊ शेतातल्या कांदाचाळीपाशी कांदा निवडत होता. उठला नाही. "आक्का, वाट चुकलीस का?"

मी गोधडी सोडली. त्याने तलवार उपसली आणि न बघताच अंगठा त्या भोकावर ठेवला.

"कुठे होती?"

"माझ्या देवघरात."

"तू पन्नास वर्षं पुसलीस आणि तुला कळलं नाही?"

मी नियम सांगितला. तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तू ऐकलंस?"



त्याने मूठ हातात फिरवली. "हाई मूठ आपली नही शे. काढी ले." गावच्या लोहाराने मूठ तापवली, आतली राळ वितळली, पातं सुटलं. भावाने ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून आत नेलं. मूठ आणि म्यान माझ्या हातात दिलं. त्याच्या सुनेने चहा आणला. तो माझ्याबरोबर प्यायला नाही.

मूठ मी देवघरात ठेवली आहे, नवऱ्याच्या फोटोसमोर. मुलगा म्हणतो, लोकांना दिसेल, आत ठेव. मी ठेवत नाही. कोणी विचारलं, पातं कुठंय, तर मी पहिल्यापासून सांगते, नवऱ्याचं नाव घेऊन.

भाऊबीजेला सटाण्याला जाणार आहे. भाऊ ओवाळून घेईल की नाही, माहीत नाही.