येते हां

आमच्या डहाणूत एजंट म्हटलं की विम्याचा, नाहीतर आरटीओच्या दाराशी घुटमळणारा. त्यामुळे नणंदेने "वहिनी, मी चार एजंट कामाला लावलेत" असं सांगितलं तेव्हा मी आधी हात जोडले. ते लॅपटॉपच्या आत राहतात हे मागाहून कळलं. एक एआय एजंट धंद्याच्या कल्पना काढायचा, दुसरा खोटं गिऱ्हाईक होऊन उत्तरं द्यायचा, तिसरा लोकांचं बोलणं ऐकून अहवाल करायचा आणि चौथ्याला काम फक्त खोट काढायचं. त्या चौथ्याशी माझं चांगलं जमलं असतं.

नणंद आमच्याच घरी राहते आणि बोर्डीच्या शाळेत शिकवते. नोकरी कायम. कायम या शब्दाची किंमत मला कुणी सांगायला नको, मी स्वतः इतकी वर्षं कंत्राटावर टायपिंग करतेय. आणि ही बाई ती नोकरी सोडून धंदा करायला निघाली होती. मला तिचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

चिकूच्या चिप्स, समुद्राकाठच्या खोल्या असलं सगळं चौथ्याने एकेका दुपारीच निकालात काढलं. टिकली ती एकच कल्पना: तलासरीला कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर. खोट्या गिऱ्हाइकांना ते फारच आवडलं. चौथा म्हणाला, खऱ्या बायांना विचारा. मग ही शाळा सुटल्यावर तलासरीला जायची, हायवेवर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या बायांशी बोलायची आणि त्यांना विचारून ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करायची. तिसऱ्याने ऐकून अहवाल दिला: बहुतेक सगळ्या यायला तयार आहेत.

मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं, सोडायचं असेल तर शनिवारी लिहून द्या, त्या जागेवर दुसरी शिक्षिका घ्यायचीय. शनिवारी सकाळी राजीनामा पर्समध्ये टाकून ती निघाली. रेकॉर्डिंग आणि अहवाल लावलेला लॅपटॉप माझ्यापुढे उघडा ठेवला. "एकदा ऐक तरी, वहिनी. मग काय तोंड वाकडं करायचं ते कर."

भेंडी चिरता चिरता ऐकू लागले. पाळणाघराबद्दल हिचं लांबलचक बोलणं, पलीकडून हं, हं, आणि शेवटी, "बरं बाई, येते हां." दुसरी बाई, तिचं थोडं हसणं, "चला, येते." एक गुजराती बोलणारी होती, ती म्हणाली, "आवजो, बेन." सहज पडद्याकडे बघितलं. जिने जिने 'येते' म्हटलं होतं, तिच्यापुढे लिहिलं होतं: येण्याची तयारी स्पष्ट. 'आवजो'पुढे: घरी येण्याचं निमंत्रण दिलं.

मी मोठ्याने हसले आणि मग हातातली सुरी तशीच राहिली. अरे, त्या बाया निघाल्या होत्या! 'येते' काय आणि 'आवजो' काय, घरी जायला निघाल्या होत्या!

फोन लावला. उचलेना, तासावर असणार. पुन्हा लावला. गॅस बंद केला आणि मिळेल ती रिक्षा पकडली. वाटेत चिकूचा टेम्पो आडवा लागला, तो मागे घेता घेईना. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कोण सिरीयस आहे काय?" मी म्हटलं, "आहे." खरं बोलायला चालले होते, पण ते खरं माझ्याच सोयीचं होतं. तिला ते तसंच दिसणार, याचीच मला धास्ती होती.

ती मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. हातात घडी घातलेला कागद.

"दिलास?"

"आत कुणीतरी बसलंय. तू इथे काय करतेस?"

मी तिच्याच फोनवर तिला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. पहिल्या 'येते'ला तिला काही खटकलं नाही. तिसऱ्याला तिचा चेहरा उतरला.

"तुला हेच हवं होतं ना?"

"होय," मी म्हणाले. "पण त्या बाया काही माझ्यासाठी तसं बोलल्या नाहीत."

तिने फोनवरूनच तिसऱ्याला लिहिलं, निरोपाचे शब्द वगळ आणि पुन्हा मोज. त्याने भली मोठी माफी मागितली. नव्या अहवालात मोजक्याच बाया उरल्या. त्यावर चौथ्याने लिहिलं की ज्यांनी उलट काही विचारलं, त्यांनाच गिऱ्हाईक धरा आणि नोकरी सोडण्याआधी त्यांना पुन्हा भेटा. कुणी विचारलं होतं, दूध तुम्ही देणार का आम्ही आणायचं? कुणी विचारलं होतं, पोर रडायचं थांबलं नाही तर मला कारखान्यात कोण सांगायला येईल?

शिपायाने हाक मारली. ती आत गेली आणि दार लागलं. मी बाकावर बसून राहिले.

बाहेर आली तेव्हा कागद तिच्या मुठीत चुरगळला होता. "सोमवारपासून नववीही मलाच दिली," ती म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

बसथांब्यावर तिने तो चुरगळलेला कागद पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "मी पुन्हा तलासरीला जाणार आहे. त्या विचारणाऱ्या बायांना शोधायला. तू येशील?"

"येते," मी म्हणाले.

तिने वळून माझ्याकडे रोखून बघितलं. "कुठलं येते?"

रस्त्यावर आमची बस दिसू लागली होती. मी पदर खोचला.

"त्यांची शिफ्ट कितीला सुटते?" मी विचारलं.