विहीणबाईंनी न पाहिलेला राजवाडा

आमच्या विहीणबाईंना परक्या माणसाशी परक्यासारखं वागता येत नाही. उद्या त्यांना नेऊन चंद्रावर सोडलं, तरी पहिल्या खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहून "हाय का कोणी घरात?" अशी हाक देतील, आणि मला तर वाटतं, आतून कोणीतरी "या, बसा" म्हणेलसुद्धा. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या, वर्षाच्या सासूबाई. त्या राणीसावरगावच्या, मी पाथरीची. त्यांचा बाळू, म्हणजे आमचे जावईबापू, व्हिएन्नाला नोकरी करतात. तिथं त्यांच्या हाताखाली पुष्कळ माणसं आहेत म्हणे, पण आईच्या तोंडी ते बाळूच, आणि तेही अशा आवाजात की रस्त्यापलीकडून हाक मारली तर अलीकडची कबुतरं उडावीत. वर्षाच्या दोन्ही बाळंतपणांना मी तिकडं जाऊन राहून आले, कारण बाळंतपण माहेरचं. विहीणबाईंचं जाणं मात्र दर वेळी राहून जायचं. कधी तूर काढायला आलेली, कधी म्हैस गाभण, कधी व्याह्यांचा दमा. ओम सहा वर्षांचा झाला, चिऊ तीनची झाली, तेव्हा कुठं बाई हलल्या, त्याही एका अटीवर. "ईनबाई संगं असल्या तरच. येवढ्या लांब इमानात मी बोलू कुणाशी?" त्या भीतीला काही अर्थ नव्हता. विमान उतरेपर्यंत पुढच्या रांगेतल्या अरबाला ह्यांच्या म्हशीचं नाव पाठ झालं होतं.

व्हिएन्ना म्हणजे लय शांत शहर. ट्राम भरलेली असावी आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, जसे काही सगळे मिळून मयतीला निघालेत. विहीणबाईंना पहिल्या दिवशी खरंच तसं वाटलं. "कोण गेलं वं?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं. कोणी गेलं नाही, इथं असंच बसतात, असं म्हटल्यावर त्यांना त्या लोकांची फार कणव आली. शेजारी एक पांढऱ्या केसांची गोरी म्हातारी बसली होती. तिच्या हातावर हात ठेवून ह्यांनी "बरं हाय का, बाई?" म्हणून सुरुवात केली. ती आधी दचकली, मग तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ह्या आपल्या भाषेत बोलल्या. आमची उतरायची जागा येईपर्यंत दोघींचं चालूच होतं, आणि निघताना ती म्हातारी ह्यांचा हात सोडेना. खाली उतरल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती? "डाव्या गुडघ्यात कळ हाय तिच्या. सून चांगली हाय, पर पोरगं फोन करत न्हाई." तुम्हाला कसं कळलं? विहीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच बावळट. "गुडघ्याचं आन् पोराचं सांगायला बाईला भाषा कशाला लागती?"

आता एक सांगते, विहीणबाई मोकळ्या असल्या तरी मानाला पक्क्या. मुलाची आई ती मुलाची आई. आमच्याकडं विहिणीला आधी पाट, आधी पाणी, आधी कुंकू. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तो रिवाज पाळते आणि त्याही पाळून घेतात. व्हिएन्नात प्रत्येक दारातून आधी त्या, मग मी. जमिनीखालच्या रेल्वेला उतरायला सरकता जिना होता. मी सवयीनं थांबले आणि म्हटलं, "चला, विहीणबाई." त्यांनी त्या जिन्याकडं पाहिलं. एक पायरी निघायची, पुढं जायची, दुसरी निघायची. आमच्या मागं माणसांची रांग लागली. विहीणबाईंनी पदर सारखा केला, दोन पावलं मागं झाल्या आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, "ईनबाई, आजचा मान तुमचा." महिनाभर मग जिना आला की मान माझा, आणि जिना संपला की परत त्यांचा.

बागेत नेलं तर त्यांना बाग दिसायचीच नाही, रान दिसायचं. "येवढी जिमीन आन् तुरीची एक वळ न्हाई लावली," म्हणून त्या सुस्कारा टाकायच्या. कातरून गोल केलेल्या झाडांपाशी थांबून म्हणाल्या, "ह्यांचं जावळ कोण काढतं वं दरसाल?" एका बागेत लेकरांना खेळायला वाळू आणि झोके होते, आणि आमचं रोजचं जाणं तिथंच. विहीणबाई सकाळी उठून धपाटे करायच्या, वर शेंगदाण्याची चटणी. एक दिवस ओम धपाटा खायला बसला आणि एक सोनेरी केसांचं पोरगं समोर येऊन टक लावून बघायला लागलं. विहीणबाईंनी धपाट्याचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्याच्या हातात दिला. पोरानं चावा घेतला. आधी कान लाल झाले, मग नाक, मग त्यानं असा सूर काढला की त्याची आई, बाजूच्या दोन आया आणि एक कुत्रं, सगळे धावत आले. वर्षा माफी मागून मागून दमली. शेंगदाणा काही लेकरांच्या जिवावर बेतू शकतो, हे त्या आईनं तिला दोन-तीनदा बजावलं. संध्याकाळी जावईबापूंनी आईला समोर बसवलं.

"आई, इथं दुसऱ्याच्या लेकराला खायला देत नसतात."

"मंग काय देतात?"

"काहीच देत नाहीत."

"आन् ते बघायलं तर?"

"बघू दे."

विहीणबाईंनी उरलेले धपाटे फडक्यात बांधले. मग म्हणाल्या, "तुझं खरं असंल बाळू. कुणाच्या लेकराला इजा न्हाई व्हावी. पर एक लेकरू तोंडाकडं बघायलंय आन् आपण आपल्याच्या तोंडात घास घालायचा, हे माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." दोन्ही गोष्टी साधायच्या म्हणून त्यांनी तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून खायची वेळ झाली की झुडपामागं सतरंजी टाकायची, लख्ख उन्हात काळी छत्री उघडायची आणि छत्रीआड लेकरांना भरवायचं, म्हणजे कोणाला दिसायला नको. तिसऱ्या दिवशी बागेचा रखवालदार आला. झुडपामागं छत्रीखाली दोन म्हाताऱ्या काय करायल्यात, हे बघायला त्यानं वाकून डोकं आत घातलं. विहीणबाईंनी त्याला धपाटा दिला. मी म्हटलं, अहो, आता काय ठरलं होतं? तर म्हणतात, "ह्यो काय लेकरू हाय व्हय? चांगल्या मिशा हायेत."

हे सगळं मी हसून सांगते, पण त्या महिन्यात विहीणबाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. चिऊ त्यांच्याकडं जायची नाही. ओम पहिल्या दिवशीच गळ्यात पडला. चिऊ मात्र त्यांचं नऊवारी लुगडं, हनुवटीवरचं गोंदण आणि तो आवाज बघून माझ्या पाठीमागं लपायची. मी तिला जन्मापासून न्हाऊ-माखू घातलेली, तिला मीच आजी. विहीणबाईंनी खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला, लाडू पुढं केला. चिऊ लाडू घ्यायची आणि तो खायला माझ्या मांडीवर येऊन बसायची. विहीणबाई वरवर हसायच्या. "माझ्यावानीच मानाची हाय," म्हणायच्या. पण एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "ईनबाई, आता गेले की परत माझं येणं काय हुईल असं वाटत न्हाई. हिच्या ध्यानात मी ऱ्हाईन का वं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी एक साडी मागितली. जन्मात कधी गोल साडी न नेसलेली बाई, माझी निळी साडी नेसली, माझं तेल लावलं, आवाज बारीक केला आणि चिऊसमोर जाऊन बसली. चिऊ त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली. साडीचा काठ हातात धरून नीट पाहिला. मग अगदी समजुतीनं म्हणाली, "आज्जीची साडी दे." विहीणबाईंनी आत जाऊन साडी बदलली. त्या दिवशी त्या ट्राममध्येही कोणाशी बोलल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी राजवाडा बघायचा ठरला होता. व्हिएन्नाला जाऊन राजाचा वाडा पाहिला नाही तर गावाला तोंड काय दाखवायचं! वर्षाला कामावर जायचं होतं. जावईबापू आणि ओम तिकिटांच्या रांगेसाठी पुढं गेले. चिऊचं जेवण व्हायचं होतं म्हणून आम्ही दोघी तिला घेऊन मागून निघालो. वर्षानं ट्राममध्ये बसवून दिलं. बदलायची नाही, काही नाही, वाड्याच्या थांब्यावर जावईबापू उभे असतील, तिथं उतरायचं. चिऊ आमच्या दोघींच्या मधे उभी होती. दुपारची वेळ, डोळ्यांवर झापड आलेली. ट्रामनं वळण घेतलं आणि ती कलंडली. मी सवयीनं हात पुढं केला, पण ती कलंडली तिकडच्या अंगाला. विहीणबाईंनी तिला उचलून घेतलं. चिऊनं डोळे अर्धवट उघडले, त्यांचं तोंड पाहिलं, आणि खांद्यावर मान टाकून निजली. मी हात मागं घेतला.

विहीणबाई श्वाससुद्धा हळू घ्यायला लागल्या. वाड्याचा थांबा आला. काचेतून जावईबापू आणि ओम हात हलवताना दिसले. मी उठले, तर विहीणबाई जागच्या हलेनात. "निजलेलं लेकरू उठवून उतरायचं नसतं," त्या पुटपुटल्या. मी विहीणबाईंचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, अहो, जावईबापू थांबलेत, वाडा राहील. "वाडा काय पळून जायलाय? बसा खाली." दारं लागली. बाहेर जावईबापू ट्रामबरोबर थोडं पळाले. विहीणबाईंनी त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. माझ्या पिशवीतला फोन वाजला, तर त्यांनी डोळ्यांनीच तो बंद करायला लावला.

ट्राम शेवटच्या ठिकाणी गेली. सगळे उतरले. चालक आमच्यापाशी आला आणि दाराकडं हात केला. विहीणबाईंनी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग चिऊकडं दाखवलं. त्या भल्या माणसानं मान डोलावली आणि चवड्यांवर चालत आपल्या जागी गेला. गाडीनं गोल वळसा घेतला आणि आम्ही परत निघालो. वाड्याच्या थांब्यावर जावईबापू ओमला घेऊन आत चढले. घाम आलेला, चेहरा रागानं आणि काळजीनं लाल. तोंड उघडलं, आणि मग त्यांनी आईचा खांदा पाहिला. ओमसुद्धा गप्प झाला. जावईबापू समोरच्या बाकावर बसले. घड्याळ बघून हळूच म्हणाले, "आई, अर्ध्या तासात वाडा बंद होतो."

"हू दे. बस तू बी जरा."

ते बसले. आम्ही त्या ट्रामनं दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथून परत आलो. चिऊ जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं मान वर केली, विहीणबाईंच्या हनुवटीवरच्या गोंदणाकडं पाहिलं, बोटाला थुंकी लावली आणि ते पुसायला लागली. "निघत न्हाई बाई ते," विहीणबाई म्हणाल्या, आणि हनुवटी आणखी पुढं केली.

आता आम्ही दोघी आपापल्या गावी. चिऊ फोनवर दिसते, कविता म्हणते, त्यांना "गोंदणआजी" म्हणते. तिचा फोन झाला की विहीणबाई मला फोन करतात आणि म्हणतात, "तोंड दिसतं वं ईनबाई. वजन कुठं येतं फोनात?" परवा मी जीपनं राणीसावरगावला गेले होते. शेजारच्या बाया शेंगा फोडायला येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काकू, राजाचा वाडा आतून सोन्याचा असतो म्हनं. कसा हाय वं?"

"मी न्हाई पाहिला बाई," विहीणबाई म्हणाल्या. "चिऊ निजली होती."

बायांना काही उलगडेना. एवढ्या लांब जाऊन वाडा पाहिला नाही म्हणजे काय! सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, निदान ईनबाई तरी नीट सांगतील म्हणून. मी सूप पुढं ओढलं आणि शेंगा फोडत बसले.