पिशव्या राखणाऱ्या दोघी जावा

आमच्याकडं बाईमाणसाला घराबाहेर पडायला तीनच कारणं चालतात: देव, लग्न आणि मयत. चौथं सांगितलं की लोक आधी तोंडाकडं बघतात, मग डोक्याकडं. म्हणून दसरा झाल्यावर एका सकाळी मी आणि माझी थोरली जाऊ वैजापूरच्या स्टँडवर उभ्या राहिलो, तेव्हा घरी वेरूळला दर्शनाला जातो असंच सांगून आलो होतो. देवानं माफ करावं, आम्ही त्याच्या दारापर्यंत जाणारच नव्हतो. आम्हाला दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी (शत्रूला चकवायला डोंगराच्या पोटातून काढलेली काळोखी वाट) बघायची होती.

जावेला मी आक्का म्हणते. त्यांनी सत्तरी ओलांडली, मी साठी. लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी सगळं कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वेरूळला गेलं होतं. येताना किल्ल्यापाशी थांबलो. पुरुष वर गेले, पोरं गेली, नणंदासुद्धा गेल्या. भाकरीच्या दुरड्या, पिशव्या आणि आक्कांचं तान्हं पोर राखायला आम्ही दोघी सुना दरवाजाशी बसलो. पुढंही असंच होत राहिलं. पाहुणे आले की किल्ला, पोरांना सुट्टी लागली की किल्ला, आणि दर वेळी कुणी न सांगता आम्ही दोघी खाली बसायचो. वरून आलेली माणसं जेवता जेवता अंधारीच्या गोष्टी सांगायची. आक्का भाकरी वाढता वाढता एकच विचारायच्या, "आत खरंच काय दिसत नाय?" नाही म्हटलं की त्यांचा हात भाकरीवरच थांबायचा.

आता आमच्या दोघींचेही मालक नाहीत. पोरं आपापल्या संसारात. या भाद्रपदात आक्का गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, "सुमे, गुडघे गेल्यावर जायचं का आपण तिथं?" मी दुसऱ्याच दिवशी एसटीचं वेळापत्रक विचारून आले.

गंगापूरच्या पुढं दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. खिडकीची काच वर जाईना, त्यामुळं वारा सगळा आमच्याच अंगावर. बजाजनगर जवळ आलं तसा आक्कांनी पदर पुढं ओढला आणि मलाही ओढायला लावला. माझा धाकटा मुलगा तिथल्या एका कारखान्यात आहे. तो त्या वेळी मशीनवर असणार, रस्त्यावर कशाला येईल? पण नाही. दोघी म्हाताऱ्या माना खाली घालून चोरासारख्या बसलो, आणि वस्ती मागं पडल्यावर इतक्या हसलो की पुढचा माणूस वळून बघायला लागला.

संभाजीनगरच्या स्टँडवर चहा आणि गरम भजी खाल्ली. आक्कांनी भज्यांबरोबर पिशवीतला ठेचा काढला, कारण हॉटेलच्या मिरचीवर त्यांचा विश्वास नाही. खुलताबादकडं जाणाऱ्या गाडीत बसलो तर कंडक्टरनं आपणहूनच ठरवून टाकलं की आम्ही भद्रा मारुतीला चाललोय. मी म्हटलं, नाही बाबा, किल्ल्याची दोन दे. त्यानं आक्कांच्या पायांकडं बघितलं. किल्ल्यात बघायचं काय, नुसते दगड, मारुतीला तरी पुण्य मिळेल, असा सल्लाही दिला. मला राग आला. आक्का मात्र त्याला समजुतीनं म्हणाल्या की पुण्य भरपूर साठलंय, आता थोडं खर्चायचंय.

गाडी छावणी सोडून पुढं गेली आणि वळणावर एकदम तो डोंगर दिसला. खालून तासून काढलेला, उभाच्या उभा. किती वेळा बघितलेला! पण त्या दिवशी मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी.

दरवाजासमोर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. एका पाटीमागं शमीमआपा बसल्या होत्या, पन्नाशीच्या असतील. आम्ही सीताफळं घेतली, बाजूच्या कट्ट्यावर बसून खाल्ली. गोडीला तोड नाही. शमीमआपा आक्कांशी गप्पा मारत होत्या, त्या अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या आपल्या दख्खनीत. मी उठले, पदर खोचला आणि आक्कांना म्हटलं, चला.

आक्का उठल्या नाहीत. पिशव्या जवळ ओढल्या आणि वर त्या मोठ्या दाराकडं बघत म्हणाल्या, "तू जाऊन ये. मी पिशव्या राखते."

गुडघा दुखत होता हे मला दिसत होतं. पण ते गुडघ्याचं वाक्य नव्हतं, ते चाळीसेक वर्षांच्या सवयीचं वाक्य होतं. मी चिडले. म्हटलं, मग वैजापुरातच बसायचं होतं, तिथं काय पिशव्या कमी होत्या? मी रागानं तिकीट काढलं आणि एकटीच आत शिरले.

राग चांगला असतो, पायऱ्या लवकर चढून होतात. चांदमिनार मागं पडला, तोफा मागं पडल्या. खंदकावरचा पूल ओलांडताना खाली हिरवं पाणी दिसलं आणि मग अंधारीचं तोंड आलं. पुढं कॉलेजची पोरंपोरी मोबाईलचे उजेड पाडत किंचाळत गेली. ती लांब जाईपर्यंत मी थांबले. माझ्याही मोबाईलला बॅटरी होती, पण ती लावायची असती तर इतक्या लांब यायचं कारण काय?

दोन वळणं घेतली आणि उजेड संपला. बायांनो, तुम्हाला वाटत असेल लोडशेडिंगचा अंधार म्हणजे अंधार. तो अंधार नव्हेच. इथं मी हात डोळ्यांपुढं धरला, नाकाला लागला तरी दिसला नाही. वटवाघळांचा उग्र वास, डोक्यावर फडफड, पायांखाली लहानमोठ्या पायऱ्या. भिंत गार आणि ओलसर. एक हात भिंतीला, एक हात पुढं, असं सरकत राहिले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं, लहानपणी विहिरीत पहिली उडी मारण्याआधी व्हायचं तसलं. या वयात ते परत भेटेल असं वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी आक्कांची इतकी आठवण आली की डोळे भरले. ज्या बाईनं आयुष्यभर या काळोखाची चौकशी केली ती बाहेर सीताफळाच्या बिया मोजत बसली होती आणि मी एकटी तिचा अंधार खात होते.

पलीकडं उजेडात निघाले. गणपतीच्या देवळापर्यंत चढले आणि तिथंच टेकले. वर बारादरी दिसत होती, त्याच्याही वर टोक. खाली दरवाजाशी माणसं मुंग्यांएवढी. त्यात आक्का कोणत्या, कळेना. भूक लागली होती, भाकऱ्या खाली होत्या. वर जाण्याची गोडीच राहिली नाही. मी बराच वेळ बसले आणि उलटी फिरले, परत अंधारीतून.

मधल्या वळणावर आले असेन. समोरून कुणीतरी येत होतं, हळूहळू, पाय घासत. धाप ऐकू येत होती. मी भिंतीला चिकटून वाट दिली. तेवढ्यात ते माणूस काळोखालाच म्हणालं, "अगं बाई, खरंच काय दिसत नाय."

आवाज आक्कांचा होता.

आणि मी, जी इतकी चिडून गेले होते, जिचे डोळे भरून आले होते, तिनं पहिलं वाक्य काय बोलावं? मी म्हटलं, "आक्का, पिशव्या कुठंयत?"

आक्का हसायला लागल्या. मीही. वटवाघळं उठली. आम्ही चाचपत एकमेकींचे हात शोधले आणि तिथंच पायरीवर बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. मी गेल्यावर त्या शमीमआपांना म्हणाल्या की मला बसायची सवय आहे. त्यावर त्या बाई म्हणाल्या, "मैं तो बैठतूं अम्मा, मेरी दुकान है. तुमारी कायकी दुकान है?" मग स्वतःच पिशव्या उचलून पाटीमागं ठेवल्या. आक्का कठडे धरत, बसत-उठत पुलापर्यंत आल्या. पुढं आपोआप आल्या म्हणे.

"पोरी, तरणेपणी यायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. दिसत नव्हतं म्हणून बरं, दोघीही रडत होतो.

उतरेपर्यंत दुपार कलली. शमीमआपांनी पिशव्या दिल्या, वर मोठी सीताफळं घातली आणि विचारलं, अंदर क्या है? त्या इतकी वर्षं तिथं बसतात, पण आत गेल्या नाहीत. आक्कांनी त्यांचा हात धरून म्हटलं, तुमी चला एकदा, पाटी मी राखते. शमीमआपा हसल्या आणि गिऱ्हाईकाकडं वळल्या.

परतीच्या गाडीत आक्का माझ्या खांद्यावर झोपल्या. घरी सुनेनं दर्शन कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, काहीच दिसलं नाही, इतकं चांगलं झालं. गुडघा सुजला, आठवडाभर शेकला.

इच्छा पुरी झाली की माणूस निवतं म्हणतात. आमचं उलटंच झालं. आता आक्का रोज सकाळी कठडा धरून गच्चीचा जिना चढतात आणि उतरतात. परवा वरच्या पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, त्या टोकावर काय असेल गं? मला काय ठाऊक, मी तरी कुठं गेले होते. मी म्हटलं, जाऊ की, पण शमीमआपा त्या दिवशी नसल्या तर पिशव्या कोण राखील?

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काल लग्न होऊन आलेय.

"पिशवीच कशाला न्यायची?"