सपाट अमोनिया

निपाणीहून रोज बसनं बेळगावला जायचं, कॉलेजात चार तास फळ्यासमोर उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी रेटायची, असं माझं सहा वर्षं चाललं होतं. मी गेस्ट लेक्चरर. त्या वर्षी एक कायम जागा निघाली होती आणि महिनाअखेर प्रबंध दिला तरच माझा अर्ज धरणार होते. त्या जागेत माझा जीव अडकला होता, खोटं कशाला सांगू.

काम अगदी साध्या रेणूंचं. अमोनिया दुसऱ्या छोट्या रेणूला किती घट्ट धरतो, हे प्रयोग न करता कॉम्प्युटरवर काढायचं. जोडीची ऊर्जा काढायची, सुट्या रेणूंची काढायची आणि वजाबाकी करायची. माझी वजाबाकी सगळीकडे भरभक्कम यायची. माझे मार्गदर्शक बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. ते खूश होऊन म्हणायचे, "लई घट्ट धरतंय की ओ मॅडम." प्रबंधाचा निष्कर्षही तोच ठरला.

शेवटचा तक्ता भरताना सुट्या अमोनियाच्या डायपोलपुढे शून्य दिसलं. रेणूतला विजेचा भार एका बाजूला किती झुकलाय, ते हा आकडा सांगतो. अमोनियाचा तो शून्य नसतो, हे बीएस्सीच्या मुलांनाही पाठ असतं. मग ध्यानात आलं. फळ्यावर वर्षानुवर्षं काढत आले तसाच, मधे नायट्रोजन आणि भोवती तीन हायड्रोजन, एका पातळीत सपाट, असा मी तो मशिनला दिला होता. खरा असतो बुटक्या तिपाईसारखा. जोडीत तो आपसूक वाकला होता. सुटा मात्र मशिननं मी दिला तसा सपाटच ठेवला, आणि सपाट रेणूची ऊर्जा जास्त येते, म्हणून वजाबाकी फुगली होती. नंतर तपासायची एक पायरी असते. एवढ्याशा रेणूला काय तपासायचं, म्हणून ती मी गाळली होती.

नीट अमोनिया देऊन पुन्हा चालवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. मिरवलेले सगळे बंध ढिले निघाले.

सरांना सांगायला मी तीन आठवडे लावले. रोज ठरवायची आणि रोज त्यांच्या खोलीवरून पुढं जायची. इतकी दमले होते, की कुणाचा राग झेलायचंही बळ नव्हतं. सांगितलं तेव्हा महिना संपायला चार दिवस उरले होते.

सरांनी तक्ता पुढं ओढून जुने-नवे आकडे ताडून बघितले. "दोन प्रकरणं परत लिवायची, एवढंच की," ते म्हणाले. "मी बसलो असतो तुमच्यासंगं. पंधरा दिवसाचं काम. आधी का सांगितलं न्हाय ओ?"

प्रबंध पुढच्या महिन्यात दिला. तोवर जागा भरली होती.

माझी थोरली बहीण, आक्का, आल्यागेल्याला सांगते, "आमची लई सरळ. खरं बोलली म्हणून नोकरी हुकली तिची." मी समोरच असते. तिचं म्हणणं मी अजून एकदाही खोडून काढलेलं नाही.