भाषणाच्या टेपवरची गाणी

बाईंच्या दंडाला पट्टी आवळलेली होती, मी शीर शोधत होते, आणि त्या सुईकडे न बघता माझ्या टेबलाकडे बघत होत्या.

"तो स्पूल तुमचा का?" त्यांनी विचारलं.

मी विरारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टेबलावरचे कागद पंख्याने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर जुन्या टेप रेकॉर्डरचा एक रिकामा स्पूल ठेवते. बशीएवढा, मध्ये तीन खिडक्या असलेला. कुणाला तो पंख्याचा भाग वाटतो, कुणाला शिलाई मशीनचा. त्याला स्पूल म्हणणारं माणूस मला तिथे पहिल्यांदाच भेटत होतं.

"तुमच्याकडे मशीन आहे?" मी एकदम विचारलं.

"आधी रक्त काढा," त्या म्हणाल्या. "मशीन माळ्यावर आहे, पळून जात नाही."

त्या वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहणाऱ्या, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या टीचर होत्या. शाळेने नवी यंत्रं आणली तेव्हा जुना टेप रेकॉर्डर टाकून देण्याऐवजी त्यांना दिला होता. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. मी पत्ता घेतला, रविवार ठरवला आणि उरलेला दिवस कुणाकुणाला किती टोचलं ते मला आठवत नाही.

माझं हे वेड काही फार जुनं नाही. मी लहान असताना घराघरांत कॅसेट होत्या, रिळांचा जमाना मी पाहिलेलाच नाही. काही वर्षांपूर्वी कामणच्या एका भंगाराच्या गोदामात मी मिक्सरचं झाकण शोधायला गेले होते आणि सूटकेसएवढा एक टेप रेकॉर्डर घेऊन आले. नवरा म्हणाला, "झाकण यालाच बसतं का?" पण तो सुरू झाला त्या संध्याकाळी तोही जेवण विसरून समोर बसला. मोबाइलमध्ये गाणं कुठे असतं ते कुणाला दिसत नाही. इथे ते दिसतं. तपकिरी फीत डावीकडून निघते, मधल्या हेडला घासून उजवीकडे गुंडाळली जाते, आणि तेवढ्या घासण्यातून माणूस बोलतो! मला अजूनही दर वेळी टाळी वाजवावीशी वाटते.

फक्त माझ्या मशीनवर रेकॉर्डिंग होत नाही. ती बाजू कायमची गेलेली आहे. म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी भरलेले आवाज ऐकत होते. स्वतः एक अक्षरही टेपवर उतरवलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून टीचर घरी आल्या तेव्हा मी त्यांच्या ओटीवर हत्यारांची पिशवी घेऊन हजर होते. त्यांची धाकटी बहीण शेजारच्याच घरात राहते. घराच्या मागे दोघींची मिळून केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे, ती बहीणच बघते. आम्ही तिघींनी मशीन माळ्यावरून उतरवलं. झाकण उघडलं आणि मी ओरडलेच.

"काय झालं? पाल आहे?" बहीण मागे सरली.

"मॅजिक आय आहे!" मी म्हणाले.

हे मशीन जुन्या रेडिओसारखं काचेच्या व्हॉल्व्हचं होतं, आणि आवाज किती मोठा येतोय हे दाखवायला त्याला काटा नव्हता, तर काचेचा एक हिरवा डोळा होता. मी तो फक्त फोटोत पाहिला होता.

पण इतकी वर्षं पडून असलेलं यंत्र एकदम चालू केलं तर जळतं. म्हणून मी मध्ये एक बल्ब जोडला, म्हणजे वीज आधी त्यातून जाईल आणि काही बिघाड असेल तर बल्बच भडकून सांगेल. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंद झाला, म्हणजे बिघाड नव्हता. आतून धूळ तापल्याचा वास आला. मग तो डोळा हळूहळू उजळला, कच्च्या कैरीच्या रंगाचा. टीचरनी माझा दंड घट्ट धरला, रक्त काढताना मी त्यांचा धरला होता त्याहून घट्ट.

स्पूल मात्र जागचे हलेनात. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. मी ते खरवडून काढलं आणि बहिणीच्या सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने एक रिंग कापून बसवली. चाकं फिरली! माळ्यावर मशीनबरोबर टेपचं एकच भरलेलं रीळ सापडलं होतं, ते चढवलं. आतून एक पुरुष बोलू लागला, पण पाळण्यात बसल्यासारखा, वर जात, खाली येत. माझी कात्री वाकडी चालली होती, दुसरं काही नाही. तरी आवाज ओळखून टीचर खो खो हसायला लागल्या.

"हे आमच्या शाळेच्या समारंभाचे पाहुणे. बोलायला उभे राहिले ते खाली बसेचनात. मुलं उन्हात, आणि माझी समूहगीतं राहिली ती राहिलीच."

मी दोऱ्याने माप घेऊन खरा पट्टा कुरियरने मागवला. तो आल्यावर पुन्हा गेले, तेव्हा टीचरनी सगळं ठरवून ठेवलं होतं. बहिणीला लग्नाची जुनी गाणी येत होती, त्यांच्या घरच्या बोलीतली. नवरीला आंघोळ घालताना म्हणायची, विहिणीला टोचून बोलायची. दोघी बसून ती गाणार आणि मी रेकॉर्ड करणार.

"कशावर?" मी विचारलं.

"त्या भाषणावर."

"टीचर! ते पुसलं जाईल!"

"पुसलंच पाहिजे. टेप असते कशाला?"

मी हट्टाला पेटले. जुनी टेप पुसायची म्हणजे मला देवळाला चुना फासण्यासारखं वाटत होतं. माझ्याकडे दुसरी रिळं आहेत, ती आणते, असंही म्हणून पाहिलं. त्या ऐकेनात. "माझ्या गाण्यांची जागा त्यांनी खाल्ली होती," त्या म्हणाल्या, "ती मला परत हवी." शेवटी मी ते भाषण मोबाइलवर उतरवून घेते म्हणाले. "घे, पण ऐकायला मला बोलावू नकोस," म्हणून त्या केळी आणायला आत गेल्या. भाषण उतरेपर्यंत आम्ही तिघींनी अख्खा घड संपवला.

मशीनचा मूळ माईक मुका झाला होता. मी आणलेला माईक खिडकीच्या गजाला रुमालाने बांधला. टीचर वर्गात बसाव्यात तशा ताठ बसल्या. बहीण पदर सावरत म्हणाली, "बाय, मला हसू येतंय." मी लाल बटण दाबून धरलं आणि चालूचा खटका ओढला.

त्या गायला लागल्या आणि हिरवा डोळा जिवंत झाला. सूर चढला की त्याच्या दोन पाकळ्या मिटत येत, श्वास घेतला की उघडत. मला बोलीतले निम्मे शब्द कळत नव्हते. पाण्याला त्या 'पानी' म्हणत होत्या एवढं कळलं, आणि विहिणीचा उल्लेख आला की बहिणीचे खांदे हलत होते, त्यावरून बाकीचं. मी डोळ्याकडे बघू की त्यांच्याकडे, असं होऊन गेलं होतं.

गाणं संपलं. मी टेप मागे घेऊन लावली. दोघींचे आवाज आले, स्वच्छ, जवळचे. आणि त्यांच्याखालून, विहिरीतून बोलावं तसे, पाहुणे. भाषण पुरतं पुसलं गेलंच नव्हतं.

"मेला अजून बसला नाही!" बहीण किंचाळली.

आम्ही हसून हसून ओटीवर आडव्या झालो. मग मी मशीनमध्ये डोकं घातलं. टेप रेकॉर्डरमध्ये जुना आवाज पुसणारं एक वेगळं हेड असतं, त्यावर तपकिरी भुकटीचा थर बसला होता. लॅबमधला कापूस आणि स्पिरिट माझ्या पिशवीत असतंच. कापूस मळायचा थांबेपर्यंत घासलं.

"हं, परत," टीचर म्हणाल्या.

या वेळी त्या दोघी मशीन विसरल्या. पहिल्या खेपेला टीचर शिकवल्यासारख्या गात होत्या, आता बहीण पुढे गेली आणि टीचर तिच्या मागून जाऊ लागल्या. एक कडवं टीचरना आठवेना, बहिणीने डोळ्यांनीच त्यांना थोपवलं आणि एकटीने म्हटलं. हे आत्ता, माझ्यासमोर, फितीवर उतरत होतं, आणि ते उतरवत मी होते.

नेमकी तेवढ्यात फाटकातून हाक आली, "बोंबीऽऽल! ताजे हाय गोऽऽ!" पाचूबंदरहून येणारी मासेवाली होती. हिरवा डोळा गच्च मिटला. मी कपाळाला हात लावला, पण दोघी गातच राहिल्या आणि कडवं पुरं करूनच थांबल्या. मी मागे घेऊन ऐकवलं. पाहुण्यांचा मागमूस नव्हता. गाण्याच्या मधोमध हाक मात्र खणखणीत आली.

मासेवाली टोपली उतरवून ओटीच्या पायरीवर आली. "कोन बोलते गो ती?"

"तूच," टीचर म्हणाल्या.

"मी? इतकी मोठ्यानं?"

"अर्ध्या गावाला ठाऊक आहे, तुलाच नव्हतं," बहीण म्हणाली.

तिने ते पुन्हा लावायला लावलं, मग आणखी एकदा. आणि विहिणीचं ते गाणं ऐकून म्हणाली, "आमच्यात हे येगळं म्हनतात." लगेच, उभ्या उभ्याच, तिने म्हणून दाखवलं. मी बटण दाबायला धावले, एक चप्पल पायात, एक कुठेतरी.

तिच्या टोपलीवर मांजर टपलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती गायली, मग बहिणीने उत्तर दिलं, मग टीचरनी मध्येच सूर खाली घेऊन दोघींना एकत्र आणलं. रीळ केव्हा भरत आलं ते मला कळलंच नाही. फितीचं टोक सुटलं आणि उजवा स्पूल फट फट फट करत मोकळा फिरू लागला. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्या तिघी अशा रंगल्या होत्या की मी हळूच खटका बंद केला आणि पायरीवर बसून नुसतं ऐकत राहिले.