बॅटरीसाठी बुटीबोरीपर्यंत

आई गेली आणि मी बाबांना गावाहून शहरात, मनीषनगरला माझ्याकडे आणलं. गावी शेत भाऊ बघत होता. इथे बाबांना करायला काहीच नव्हतं. दिवसभर गॅलरीत बसून असायचे. "चला, फिरून येऊ," म्हटलं की म्हणायचे, "आपलं काय काम हाये तिथं?"

मी शिक्षिका. शाळा इतकी जवळ, की एसी गार व्हायच्या आत फाटक येतं. गाडी नवी होती. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, क्लच दाबला की सुरू. मला दर वेळी धसका बसायचा. काही महिन्यांनी ते आपोआप बंद होणं थांबलं, तेव्हा बरंच वाटलं. मग एका सकाळी गाडी सुरूच होईना, नुसती टिकटिक. मेकॅनिक बोलावला. आवाज ऐकून बाबाही खाली उतरले.

मेकॅनिकने दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू केली. "मॅडम, बॅटरी खराब नाही, भरूनच नाही राहिली. सुरू करताना जेवढी खर्च होते, तेवढीही एवढ्याशा चकरेत परत येत नाही. चार्ज कमी, म्हणून इंजिन सिग्नलवर बंद होत नव्हतं. हफ्त्यातून एकदा हायवेवर तासभर चालवा."

रविवारी मी किल्ली घेतली, तर बाबा चपला घालून दारात.

"एकटी काहून जातं वं? मी येतो. गाडीचं काम हाये ना."

बुटीबोरीचे कारखाने मागे पडले. पुढे रस्त्याकडेला कापसाचं शेत दिसलं, तसे बाबा म्हणाले, "थांबव जरा." इंजिन सुरूच ठेवून मी थांबले. ते उतरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मीही गेले.

"तुह्या मायले वेचणी लई आवडे," ते म्हणाले. "सगळ्या बायका घरी जात, हे शेवटली ओळ संपवल्याबिगर हालत नसे."

आणि ते रडले. अंत्यविधीलाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले. परतीच्या वाटेवर ते आईबद्दलच बोलत होते. लग्नानंतर पहिल्यांदा ती शेतात आली तेव्हाचं, मला ठाऊक नसलेलं कितीतरी.

आता शनिवारीच विचारतात, "उद्या कोन्त्या रस्त्यानं?" परवा तर शेजारच्या काकांनाही त्यांनी मागच्या सीटवर बसवून घेतलं.