एर्गेश आकेंचा वाटा

कामं वाटून देणाऱ्या अनारखान एजेंना, म्हणजे आमच्या ताईंना, हवेतलं बोलणं खपत नसे. बातकेन या आमच्या डोंगराळ मुलखातल्या जर्दाळू कंपनीचे मालक एर्गेश आके, म्हणजे एर्गेशदादा, म्हणत, "दहा वर्षांत हा उघडा डोंगर बागेने झाकायचा." की या विचारत, "झाकू. या आठवड्यात खड्डे कोण खणतंय?"

आमच्याकडे मेजवानीत मेंढीचा प्रत्येक सांधा मानाप्रमाणे ठरलेल्या माणसालाच जातो. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला तर भांडणं होतात. एजे त्या दहा वर्षांचेही तसेच वाटे घालत. सोमवारी फळ्यावर खडूने नावं पडत: रोपं याची, कुंपण त्याचं, गाडी माझी. वरच्या गावाकडे पाणी मागायला जाणं हा सगळ्यात मोठा मान, तो आकेंचा.

बर्फ वितळायच्या आत आके वारले. सोमवारी पाण्यापुढे पुन्हा त्यांचंच नाव. पुढच्या सोमवारीही तेच. मी एकदा विचारलं, तर एजे म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत खोकतात रे ते. नाव पुसलं तर जातील." मी हसणार होतो. पण भर दुपारी तो खोकला मलाही ऐकू आला, आणि त्या दिवसापासून मी फळ्याकडे बघणं सोडलं.

कुंपण वेळेत झालं, वाळवणीची शेडही उभी राहिली. पाणी मागायला मात्र कुणीच गेलं नाही, आणि रोपांनी माना टाकल्या. बादल्यांनी डोंगर कुठवर भिजवणार?

शेवटी एका गुरुवारी आकेंची बायको तुर्सुनाई आली. मृतांना वास पोचावा म्हणून तळलेले बोर्सोक, कणकेचे फुगलेले तुकडे, तिने टेबलावर ठेवले आणि फळा वाचला.

"अनार, हे कुणासाठी तळलेत?"

"आकेंसाठी."

"आणि खाणार कोण?"

एजेंनी बोर्सोक तिच्याकडेच सरकवले.

"जिवंताने खाल्लं तरच त्यांना पोचतं, बाई. खा, आणि जा वर."

मी गाडी काढली. वरच्या गावचा पाट म्हातारे मामात सांभाळत. एजेंनी मान खाली घालून पाणी मागितलं.

"ते तर तुझंच आहे," म्हातारा म्हणाला. "एर्गेश पानगळीत येऊन गेला. म्हणाला, माझ्याने आता चढ चढवत नाही, यापुढे हा मान अनारचा. तिला मी सांगतो."

"सांगितलं नाही त्यांनी."

"राहून गेलं असेल. पण न मागता पाणी सोडायची आमच्यात रीत नाही, पोरी. रोज सकाळी वाटेकडे बघायचो. मग सोडून द्यायचो नदीला."

परतताना एजे डोंगरावर उतरल्या. एकेक काडी मोडून बघत गेल्या. हिरवं कुठेच निघालं नाही.

दुसऱ्या सकाळी पाट भरून पाणी आलं. एजे फावडं घेऊन त्या वाळक्या काड्यांना पाणी देत राहिल्या. पुरे म्हणायची आमची कुणाची छाती झाली नाही.